कडुनिंबाची फांदी आणि अपूर्ण वर्तमानकाळ

संकटाच्या क्षणी माणसाच्या तोंडून मातृभाषाच बाहेर पडते आणि तीच त्याला तारते, असं मी शाळांच्या समारंभांत पुष्कळदा ऐकलं आहे. निवृत्तीनंतर अध्यक्षस्थानी बसायची वेळ आली तेव्हा एकदोनदा स्वतःही म्हटलं आहे. गळ्यातला हार मानेला टोचत असताना माणूस असलं काहीही म्हणतो. वाक्याचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्धाबद्दल मला जे ठाऊक आहे ते अमरावतीच्या आमच्या घरात, थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, बाळंतपणात कळलं.

आमच्या घरात दोन मराठ्या नांदत होत्या. ओसरीवर एक आणि मागच्या अंगणात दुसरी. माझे वडील, नाना, वकील होते. कायदा शिकायला ते काही काळ पुण्या-मुंबईकडे राहून आले होते आणि येताना सनदेबरोबर तिकडची बोलीही घेऊन आले होते. सनदेपेक्षा बोलीला ते जास्त जपत. आमच्यापैकी कोणी ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हटलं की त्या दिवशी त्याच्या भातावरचं तूप बंद होई. मागच्या अंगणात मात्र तुपाचा प्रश्न नव्हता. तिथे भांडी घासणारी बाई, दूधवाला आणि कुंपणापलीकडच्या वाडीतला सुखदेव माळी यांच्याशी मी मनसोक्त ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ करत असे. मधल्या घरात देवघर आणि स्वयंपाकघर होतं. तिथे नेमकी कुठली हद्द लागते हे कधीच ठरलं नाही, म्हणून तिथे मी शक्यतो गप्प बसे.

अकोल्याची आत्या आली की ही व्यवस्था मोडून पडे. ती नानांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा झालेली आणि त्यामुळे साऱ्या गोतावळ्यातल्या बाळंतपणांची मालकीण झालेली. बडनेऱ्याला गाडी बदलून, ट्रंकेत डिंक, खारीक, अळीव आणि वावडिंग घेऊन ती उतरली की घरात तिचीच भाषा चाले. तिचं तूप बंद करण्याची नानांची प्राज्ञा नव्हती; तूप तिच्याच हातात असे.

वैशाखात अक्काला मुलगी झाली. बाळंतिणीची खोली घराच्या अगदी मागच्या बाजूला होती. कवेलूचं, म्हणजे कौलांचं, छप्पर, हाताच्या पंजाएवढी एक खिडकी, आणि बाहेर ऊन असं की अंगणातल्या बादलीची कडी धरवत नसे. त्या उकाड्यात आत शेगडी पेटलेली. तिच्यावर ओवा, शेपा आणि लसणाची सालं टाकून धुरी करायची, विस्तव विझू द्यायचा नाही, आणि अक्काला काय हवं नको ते बघायचं, हे काम माझ्याकडे होतं. शाळेला सुटी होती आणि आत्याच्या मते मुलीच्या जातीला सुटी असते ती याच कामासाठी. दारावर कडुनिंबाचे डहाळे टांगले होते. तो पाला मागच्याच झाडाचा. झाड आमच्या घरापेक्षा जुनं होतं आणि त्याची एक जाडजूड फांदी त्या खोलीच्या छपरावर सावली धरून होती. आल्यागेल्याला नाना ती फांदी दाखवून म्हणत, “निसर्गाने दिलेलं छत्र आहे हे.”

मुलगी झाल्याचं पत्र गेलं आणि बारशाची वाट न पाहता भावजी पुण्याहून येऊन दाखल झाले. ते बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. उंच, हसरे, प्रत्येक गोष्टीची पद्धत जाणणारे. त्यांच्यासाठी आमरस आणि सरगुंडे केले. सरगुंडे म्हणजे कणकेच्या बारीक नळ्या. उन्हाळ्यात काडीवर वळून, वाळवून ठेवतात आणि जावई आला की उकडून रसाबरोबर वाढतात. भावजींनी एक नळी उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, “व्यास सगळीकडे सारखा आहे. काम चांगलं झालंय.” आई पदरात तोंड लपवून हसली. नानांनी आत बघून विचारलं, “रस आणला का?” आतून आत्या म्हणाली, “आणून राह्यली.” भावजी माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, “आणून राहिल्या? आणला तो ठीक, पण आणून मग राहिल्या कुठे?”

मी तेव्हा हसले. व्याकरण शिकवायला लागल्यावर पुढे मला हे मुलांना समजावून सांगावं लागलं, ते इथेही सांगते. ओसरीवरच्या मराठीत माणूस ‘आणतो आहे’. आमच्या वऱ्हाडीत तो ‘आणून राहिला’. काम चाललं आहे, अजून झालेलं नाही. पुण्याच्या माणसाला मात्र ‘आणून राहिला’ यात काम उरकलेलं दिसतं, आणि शिवाय तो माणूस तिथे ठाम उभाही दिसतो. पानावर बसलेलं असताना यात धोका काही नसतो. फार तर रस उशिरा येतो.

भावजी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ऊन कलताना, धुळीचं वादळ उठलं. आभाळ विटकरी झालं, अंगणातल्या कुरडया कुंपणापलीकडे गेल्या, आणि मागे कोणीतरी ओलं लाकूड गुडघ्यावर मोडावं तसा आवाज झाला. वारा पडल्यावर आम्ही पाहिलं तेव्हा ते निसर्गाचं छत्र खोडाजवळ तडकलं होतं. वरची साल फाटून आतलं पांढरं लाकूड दिसत होतं आणि फांदीचा सगळा भार बाळंतिणीच्या खोलीवर झुकला होता. शेंड्याकडच्या डहाळ्या कवेलूंना टेकलेल्या. वाऱ्याची झुळूक आली की फांदी कर्र्‌ असा आवाज करी, आणि त्यामागून कवेलूंच्या फटींतून बारीक माती बाजेवर झरे.

त्या आवाजाची भीती मी आजवर कोणाला नीट सांगू शकलेले नाही. मोठा आवाज झाला की माणूस दचकतो आणि मोकळा होतो. हा आवाज मोठा नव्हता. तो व्हायचा, थांबायचा, आणि पुन्हा कधी होईल याची वाट बघायला लावायचा. अक्का बोलता बोलता मध्येच थांबून वर बघे. मी विस्तव फुंकताना श्वास धरून ठेवी, जणू माझ्या फुंकरीनंच फांदी हलणार होती. बाळ झोपलेलं असलं तरी भीती वाटे आणि जागं झालं तरी वाटे, कारण त्याच्या रडण्यात मला बाहेरचं ऐकू येत नसे.

साधा उपाय म्हणजे अक्काला दुसऱ्या खोलीत हलवायचं. तो आईनं सुचवला. आत्या म्हणाली, “हालवान कशी? रस्ता तं देवघरासमोरून हाय. दहा दिवस झाले का? न्हाणं झालं का? विटाळ घेऊन देवापुढून जाईन ते?”

“मग देव हलवू,” आई म्हणाली.

“देव काय पाट हायेत काय हालवाले?”

यावर नानांनी घसा साफ केला. आमच्या घराण्याला धैर्याची परंपरा आहे, असं ते म्हणाले. परंपरेनं नेमकं काय करावं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. अखेर देव जिथल्या तिथे राहिले, अक्का जिथल्या तिथे राहिली, आणि हलवायचं ते झाड, असं ठरलं.

सुखदेव माळी कुंपणाशी येऊन उभा होता. तो भाजी आणि संत्री बाजारात नेई, आणि जगातल्या सगळ्या विषयांवर बोले. “जवाईबापू,” तो म्हणाला, “लाकडाच्या टालावरचे मानसं बलावा. उद्या बाजार हाय, परवा येतीन.”

“परवापर्यंत ही राहील का?” भावजींनी फांदीकडे बोट केलं.

“ते तिले इचारा ना जी.”

भावजींनी झाडाभोवती एक फेरी घातली, कोट काढला आणि सांगितलं की हे काम ते स्वतः करतील. जावयाला झाडावर चढवणं हे वाईट, पण जावयाला नाही म्हणणं त्याहून वाईट. आणि तिसरी काही तोड नानांना वकील असूनही सुचली नाही. आई आत जाऊन रडली. तडकलेल्या फांदीखाली लेक आणि नात, आणि वर आता जावई. एका झाडावर इतकी माणसं टांगलेली तिनं कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजींनी अंगणात वर्गच घेतला. काठीनं मातीत झाड काढलं. फांदी पाडायची नसते, उतरवायची असते, हे त्यांचं पहिलं वाक्य. आधी शेंड्याकडच्या बारीक डहाळ्या काढून भार हलका करायचा. मग मोटेचा नाडा, म्हणजे विहिरीतून मोट ओढायचा जाड दोर, वरच्या बेचक्यातून घेऊन फांदीला बांधायचा आणि त्याचं दुसरं टोक विहिरीच्या दगडी खांबाला वेढा देऊन माणसानं धरायचं. करवत आधी खालच्या बाजूनं लावायची, थोडी खाच पाडायची, म्हणजे फांदी तुटताना खोडाची साल सोलत नेत नाही. त्यानंतर वरून कापायचं. फांदी सुटली की ती दोरावर तरंगते. मग हळूहळू सैल सोडत ती अंगणात निजवायची. स्वतःला त्यांनी वेगळ्या दोरानं खोडाशी बांधून घेतलं. आजही मला त्यात काही चूक दिसत नाही.

“एक लक्षात ठेवा,” ते सुखदेवला म्हणाले; दोर धरायला तो बाजार सोडून थांबला होता. “पानांमुळे मला विहीर दिसणार नाही. मी विचारीन, दोर धरलात का. तुमचं उत्तर आल्याशिवाय मी वरून करवत लावणार नाही.”

“हाव जी,” सुखदेव म्हणाला.

मी आत शेगडीपाशी जाऊन बसले. बाहेरचं काही दिसत नव्हतं. खिडकीतून फक्त धूर जाई आणि आवाज येत. नानांची खुर्ची अंगणात ठेवल्याचा आवाज आला. देखरेख बसून करायची असते. मग करवत सुरू झाली. बारीक डहाळ्या एकेक करून छपरावर धपकन पडत आणि घरंगळत खाली जात. प्रत्येक धपक्याला अक्का माझं मनगट दाबी. माती झरत होती. मी माझा पदर बाळाच्या टोपऱ्यावर धरला होता. आत्या दाराशी बसून तोंडातल्या तोंडात स्तोत्र म्हणत होती आणि एका ओळीवर येऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. आवाजावरून मी काम ओळखत होते. हा शेंडा. हा नाडा बेचक्यातून घासत गेला. हा करवतीचा दबका आवाज, म्हणजे खालची खाच. त्या खाचेसरशी फांदी कर्र्‌ करून थोडी बसली आणि छपराचं एक लाकूड कण्हलं. मला वाटलं, उठायची वेळ आली तर मला उठता येणार नाही.

करवत थांबली. वरून भावजींचा आवाज आला, स्पष्ट, शांत: “सुखदेवराव, दोर धरलात का?”

विहिरीकडून उत्तर आलं, “धरून राह्यलो जी!”

आणि करवत सुरू झाली, वरून.

सुखदेव काय करत होता ते नंतर कळलं. त्यानं तंबाखू मळायला घेतली होती. ती दाढेत ठेवून, हात धोतराला पुसून तो नाडा उचलायला वाकत होता. त्याचं उत्तर अक्षरशः खरं होतं. तो धरत होता. धरला असता तर ‘धरला’ म्हणाला असता. मला ते ऐकताक्षणी कळलं, कारण मी त्याच भाषेत वाढले होते. आणि झाडावरच्या माणसाला काय ऐकू आलं असेल तेही त्याच क्षणी कळलं, कारण ‘आणून राहिल्या’वर मी त्याच्याबरोबर हसले होते. दोन्ही भाषा मला येत होत्या. ओरडून फक्त ‘थांबा’ म्हणायचं होतं. पण मी खिडकीशी तोंड नेऊन, सगळा जीव एकवटून ओरडले, “भावजी! थो अजून धरूनच राह्यला!”

वरून लगेच उत्तर आलं, “शाबास!” आणि करवतीचा वेग वाढला.

मातृभाषा इथवर आली होती. पुढचं काम अक्कानं केलं. ती ताडकन उठून बसली. “अगं, त्यांना वाटतंय तो घट्ट धरून उभा आहे,” ती म्हणाली. अगदी हळू म्हणाली. तिला हे कळायला व्याकरण लागलं नाही. ती दोन्ही भाषांत नांदली होती. तिनं बाळ उचललं, बाजेवरून पाय खाली टाकले, भिंतीला हात लावून तोल सावरला आणि चालू लागली. जाता जाता तिनं माझं मनगट पुन्हा धरलं, म्हणून मीही ओढली गेले.

दारात आत्या हात पसरून उभी. “कुठं निंगाली? समोर देव हायेत!”

“त्यांना म्हणावं, डोळे मिटा,” अक्का म्हणाली आणि आत्याच्या हाताखालून वाकून बाहेर पडली.

आम्ही देवघरासमोर होतो तेव्हा ते झालं. आधी नवं मांजरपाट फाडावं तसा लांबलचक आवाज. मग काहीच नाही. त्या काहीच नसलेल्या क्षणात विहिरीकडून सुखदेवचा आवाज आला, निवांत, समाधानी: “हां, आता धरला जी!” आणि मग सगळं घर हादरलं. देवघरातली घंटा आपोआप वाजली. खोलीच्या दारातून धुळीचा लोट बाहेर आला आणि त्यामागून आत्या, पदर तोंडाला लावून. खांबाला अजून वेढा पडलेला नव्हता. नाडा सुखदेवच्या हातातून निसटून सापासारखा सळसळत झाडावर गेला, आणि सुदैवानं तो पकडायला तो धावला नाही.

त्यानंतर जे घडलं ते मला त्या आवाजापेक्षाही जास्त आठवतं. वरून भावजी विचारत होते, “खाली कोणी आहे का? अहो, कोणी बोला.” कोणीच बोललं नाही. प्रत्येकाला वाटत होतं, आपण बोललो तर काहीतरी ठरेल. नाना खुर्चीतून उठले होते आणि उभे राहायचं की धावायचं याच्या मधोमध थांबले होते. भावजी कसे उतरले कोणाला माहीत नाही. कमरेचा दोर सोडताना त्यांची बोटं चालेनात म्हणून त्यांनी तो करवतीनं कापला म्हणे. ते मागच्या दारानं पळत आत आले. अक्का देवांसमोर जमिनीवर बसली होती, बाळ मांडीवर. भावजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बाळाकडे, आणि तिथेच मातीच्या अंगानं खाली बसले. पद्धतीबद्दल ते काही बोलले नाहीत. बाळ रडायला लागलं तेव्हा तेही रडायला लागले, आणि आई पहिल्यांदाच जावयासमोर डोक्यावरचा पदर न सावरता उभी राहिली.

सुखदेव दारापर्यंत आला आणि म्हणाला, “म्या तं सांगतलं होतं, धरून राह्यलो म्हनून. थांबाचं नाई काय मग?” तो हात पुनःपुन्हा धोतराला पुसत होता.

अकोल्याला मी आता जिथे राहते तिथे दर उन्हाळ्यात तारांना लागणाऱ्या फांद्या काढायला माणसं येतात. डोक्यावर टोप, डोळ्यांना चष्मा, हातात यंत्राची करवत. ती सुरू झाली की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून सगळं हातांच्या खुणांवर चालतं. मूठ वर म्हणजे थांब, तळवा खाली म्हणजे सोड. मी खिडकीत बसून बघते. भाषा अजिबात न वापरता ती माणसं संध्याकाळी धडधाकट घरी जातात. मराठीची शिक्षिका म्हणून मला वाईट वाटायला हवं, पण वाटत नाही.

त्या दिवशी दुपारपर्यंत शेजारपाजारचे लोक बघायला येऊ लागले. नानांना कंठ फुटला होता. ते प्रत्येकाला खोलीच्या दारापर्यंत नेत आणि सांगत की प्रसंगावधान हा आमच्या घराण्याचा गुण आहे. आत्यानं देवांना आंघोळ घातली, सगळ्या घरात गोमूत्र शिंपडलं आणि अक्काला स्वयंपाकघराच्या बाजूच्या खोलीत घालून, पुन्हा नव्यानं दहा दिवस मोजायचे की उरलेलेच, यावर भटजींना निरोप पाठवला. गर्दी ओसरल्यावर मी एकटीच त्या खोलीत डोकावले. छपराला मोठं भगदाड पडलं होतं आणि खोलीत पहिल्यांदाच उजेड होता. बाज जशीच्या तशी होती. तिच्यावर धूळ, पाला आणि कवेलूचे चार तुकडे, उशाशी ठेवलेल्या बाळाच्या झबल्याला डागही नाही. फांदीचा बुंधा शिरला होता तो बाजेशेजारच्या कोपऱ्यात. शेगडी चेपून जमिनीला मिळाली होती, आणि शेजारी सकाळपासून मी बसले होते तिथे फरशी खचली होती.

मी आत्याला बोलावून दाखवलं. “इथं मी बसली होती,” मी म्हटलं.

आत्यानं नीट पाहिलं. कोपरा, बुंधा, मग मी. “पन आता तं इथं उभी हायेस ना,” ती म्हणाली, आणि तिनं माझ्या हातात खराटा दिला.

कडुनिंबाचा पाला बारीक असतो. खोली झाडायला संध्याकाळ झाली.